परवाच्या नॅटवरच्या कॉमेंटला उत्तर

नॅट या आपल्या हवाई दलाच्या जुन्या, छोट्या लढाऊ विमानावरच्या माझ्या लेखाखाली परवा जी लांबलचक कॉमेंट आली तिला तिथेच चार ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण दोन दिवस झाले तरी त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉमेंट लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की मी नॅटचं नुसतं गुणगान केलं, पहिल्या उड्डाणाची तारीख चुकवली, तोफा जॅम व्हायच्या ते लिहिलं नाही, अपघात आणि पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलेल्या नॅटचा प्रसंग गाळला, आणि शेवटी, "ज्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही त्यांनाच असली विमानं सुंदर दिसतात, बाकीच्यांच्या दृष्टीने ते भंगार."

आधी तारीख. तुमचं बरोबर आहे. ११ ऑगस्ट १९५४ ला पहिल्यांदा उडालं ते मिज, म्हणजे नॅटच्या आधीचं कमी ताकदीच्या इंजिनाचं विमान, आणि नॅट उडालं १८ जुलै १९५५ ला. मी दोन्हींची गल्लत केली, लेखात दुरुस्ती केलीये, धन्यवाद. पण त्याला "अभ्यास नसेल तर लिहू नये" हे शेपूट जोडायची काय गरज होती? चूक दाखवणं वेगळं आणि माणसाला घालून पाडून बोलणं वेगळं, एवढं तर आपल्या वयाला कळायला हवं.

आता ते पान्याचं वाक्य. मी पाना धरलेला नाही, खरंय, माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पण माझ्या बाबांनी धरला होता. हवाई दलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाच्या तोफा-शस्त्रं सांभाळणारे, होते ते, आणि उत्तरेत असताना काही वर्षं त्यांच्याकडे नॅटच होती. त्या विमानाच्या दोन एडन तोफा, ३० मिलिमीटरच्या, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या दोन बाजूंना बसवलेल्या असायच्या, आणि त्या अडकायच्या हे तुम्ही मला सांगताय? आमच्या घरात जेवताना हाच विषय असायचा! बाबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर शेवटपर्यंत वण होते ते तिथलेच. आणि तोच माणूस नॅटचं नाव निघालं की असा खुलायचा की आई म्हणायची, आता तासभर हे काही उठत नाहीत.

का खुलायचे ते ऐका, कारण माझ्या लेखातला अर्धा भाग त्यांच्याच तोंडचा आहे. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २२ फूट, समोरच्या सेबरची, म्हणजे पाकिस्तानच्या लढाऊ विमानाची, ३७. विमान इतकं बुटकं की बहुतेक कामाला शिडी लागायची नाही, जमिनीवर उभं राहून हात पोचायचा. चाकांची दारंच एअरब्रेक, म्हणजे हवेत वेग कमी करायला, म्हणून वापरायची, म्हणजे एकाच भागाकडून दोन कामं, तेवढं वजन वाचलं. बाबा म्हणायचे, ज्याने हे काढलं त्याने प्रत्येक रिवेटचा हिशोब मागितला असणार. टेडी पेटर हा तो डिझायनर, लढाऊ विमानं उगाच जड, महाग आणि गुंतागुंतीची होत चाललीयेत असं त्याचं ठाम मत होतं, आणि नॅट हे त्याचं उत्तर. कॅनबेरा हे बॉम्बर विमानसुद्धा मुळात त्याचंच. पुढे बाबांची बदली पुण्याच्या लोहगाव विमानतळावर झाली, आम्ही धानोरीत राहायला आलो, डोक्यावरून कॅनबेरा उतरायला लागली की बाबा गच्चीवर जाऊन बघायचे आणि मला सांगायचे, ही पण त्याच माणसाची बरं का. मी सात-आठ वर्षांचा होतो. त्या विमानाकडे बघून ते कसं उडतं हे माझ्यासारख्या पोराला डोळ्यांनी कळायचं, शेपूट कुठे हलते, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप कधी खाली येतात, आणि मला वाटतं जुन्या विमानांची ओढ जी सुटत नाही ती यामुळेच, माणसाच्या हाताचं काम त्यात दिसतं.

निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना घोरपडीच्या वॉर मेमोरियलला घेऊन गेलो होतो. तिथे मिग-२३ हे लढाऊ विमान ठेवलंय. बाबांनी त्यावर कधी काम केलं नव्हतं, तरी पॅनलच्या कडेवरून बोट फिरवत किती वेळ उभे होते. पाना धरलेला माणूस होता तो. त्याला भंगार दिसलं नाही. भंगारच बघायचं असेल तर बुधवारी जुन्या बाजारात जा, तिथे भरपूर मिळेल.

आणि भंगार म्हणताना १४ डिसेंबर १९७१ ची सकाळ तरी आठवायची होती. श्रीनगरवर सेबर हल्ला करत असताना निर्मलजीत सिंग सेखों याच नॅटमधून वर गेले आणि परत आले नाहीत. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र आहे ते. तुम्ही विमानाला नावं ठेवा, पण शब्द जपून वापरा.

बाकी मुद्द्यांचं म्हणाल तर पसरूर सगळ्यांना माहीत आहे, ३ सप्टेंबर १९६५ ला आपलं एक नॅट तिथे उतरलं आणि आज ते कराचीच्या म्युझियममध्ये आहे, माझा लेख त्याच्यावर नव्हता. अपघात झाले, हायड्रॉलिकचे आणि ट्रिमचे, म्हणजे विमान समतोल ठेवणाऱ्या यंत्रणेचे, त्रास होते, मी नाकारलंय कुठे? तो वेगळा विषय आहे, लिहायचा तेव्हा लिहीन. तुमचं म्हणणं की विमानाची आवड म्हणजे युद्धाची आवड, त्याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ या जुन्या लढाऊ विमानाला निरोप दिला तेव्हा ज्यांनी ते उडवलं होतं त्यांचे चेहरे टीव्हीवर बघितले असतील तर तुम्हीच ठरवा.

तुमची कॉमेंट मी डिलीट केलेली नाही, करणारही नाही. ते भंगारचं वाक्य तेवढं तुम्ही स्वतः काढलंत तर बरं वाटेल.