सातबाऱ्यात न मावलेली शेती

आमच्या शेतीचा चार पिढ्यांचा इतिहास नुकताच भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. पणजोबा खोताचे कूळ, आजोबा कुळांना मालकी देणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर जमिनीचे मालक, वडील नवी मुंबई वसवण्यासाठी जमीन घेणाऱ्या सिडकोचे प्रकल्पग्रस्त आणि आम्ही त्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांचे भूखंडधारक, असा त्याचा क्रम आहे. त्यातली एकही तारीख खोटी नाही, तरीही तो मला अर्धाच वाटतो.

आजच्या नवी मुंबईतल्या बेलापूर पट्टीतली आमची जमीन खाजणाची, म्हणजे खाडीकाठची खारी. खाडी अडवणारा बांध नसता तर तिथे भाताचे एक कणीसही आले नसते, आणि असा बांध एका घराच्या बळावर टिकत नाही. भरतीला पाण्याच्या रेट्याने मिटणारी आणि ओहोटीला शेतातले पाणी सोडणारी लाकडी उघाडी साऱ्या गावाची असे. उधाणात बांधाला खांड पडली, की ज्याचे शेत लांब तोही चिखलाचे ढेकूळ उचलून धावे, कारण खारे पाणी शिरले की कोणाचेच पीक वाचत नसे. पावसाने मीठ धुऊन नेल्यावर मोड आणलेले बी चिखलात फेकायचे. मग पिंढरीभर चिखलात बेणणी, म्हणजे तण काढणे, आणि पुढे कापणी, ही कामे आजी आणि आत्यांनी केली. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत या सगळ्याचा एकच शब्द उरला: भात.

जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या उरणजवळच्या जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित जमिनीचा हक्क मिळाला, याचा अभिमान आम्हा सर्वांनाच आहे. भूखंड हाती येताच मात्र आत्यांपुढे हक्कसोडपत्र ठेवले गेले आणि साडीचोळी देऊन त्यांचे अंगठे घेतले गेले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा राज्याने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. (राज्याच्या कायद्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, एरवी कायदा न वाचणाऱ्यांना एवढे कलम बरोबर पाठ होते.) आत्यांनी माहेर तुटू नये म्हणून अंगठा दिला, याला राजीखुशी म्हणणे मला मान्य नाही.

म्हणून त्या मजकुरात वारसांच्या यादीत आत्यांची नावे आणि हक्कसोडपत्राची तारीख घालावी, असे मी ग्रुपवर सुचवले आहे. ‘जुने वाद कशाला उकरतोस’ असे दोघा चुलत्यांनी लिहिले. वाद नसेल तर तारीख लिहायला हरकत कसली, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.