ते झाकण पोराला परत द्या

आज जळगावात एका खासगी थेरपी केंद्रात अडीच वर्षांच्या पोराच्या हातातून डब्याचं झाकण काढून घेतलं. केंद्राचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.

पारोळ्याकडून एसटीने आलेली आजी आणि नातू बाहेर बाकावर बसले होते. "पोऱ्या काहीच बोलस नही," एवढंच ती शेजारणीला सांगत होती. मग तिने पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. पोरगं झाकण लावायचं, काढायचं, आत बघायचं, मग आजीकडे बघायचं. आजी विचारायची, "कोठे गयं रे?" आणि ते खुदकन हसायचं. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. तेवढ्यात आत बोलावलं. मॅडमनी झाकण खणात टाकलं आणि फ्लॅशकार्ड पुढे धरलं. "हे काय? ॲपल. म्हण, ॲपल." पोरगं टेबलाखाली जाऊन बसलं. दार उघडंच होतं, सगळ्यांनी बघितलं. पावतीवर छापलंय: प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार.

अहो, प्ले थेरपी बाहेर बाकावर चालली होती! नजर डब्यावरून माणसाकडे, माणसाकडून डब्यावर. न बोलणाऱ्या पोरात आपण हेच तर शोधत असतो. अमेरिकन मानसतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाईन बाईंनी १९४७ सालीच लिहून ठेवलंय की खेळात वाट मूल दाखवेल, मोठ्यांनी मागून चालायचं. आपल्याकडे कार्डं विकत आणली की झाली थेरपी.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आईबापापासून तोडून आठवड्यातून एकदा पाऊण तास खोलीत बसवून फार काही होत नाही. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या अमेरिकन मानसतज्ज्ञ दांपत्याने १९६० च्या दशकातच पालकांना शिकवून त्यांच्याकडूनच खेळ घ्यायला सुरुवात केली होती. आज आजी दाराबाहेर आणि पोरगं आत. उलटा कारभार.

घरी काय करायचं ते सांगतो. रोज १० मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. एकच मोठा माणूस. (आपल्या वाड्यात पाच जण पाच बाजूंनी "हे घे, ते घे" करतात, तिथेच सगळं बिघडतं.) टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. खाली चटई, त्यावर सात-आठच वस्तू: वाटी, चमचा, झाकणाचे दोन डबे, कापडी बाहुली, एक गाडी, पोळ्याचा बैल, फडकं. बैल मातीचा असेल तर तुटून टोक निघालं नाही ना ते बघा. पन्नास खेळणी ओतली की पोरगं प्रत्येकाला हात लावून पुढे पळतं, खेळ जमतच नाही.

मग गप्प बसा. पहिला मिनिटभर फक्त बघा. मूल झाकण लावतंय? तुम्ही दुसऱ्या डब्याला झाकण लावा. ते करतंय तेच चार शब्दांत बोला: "झाकण लावलं." "उघडलं." "आत काही नाही." आणि थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडेच सगळ्यात अवघड जातात, दोनच्या पुढे कुणी थांबत नाही. प्रश्न एकही नको. "हा कोणता रंग?", "बैल कसा ओरडतो?" ही परीक्षा झाली. आजीचं "कोठे गयं?" हाही प्रश्नच ना, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण तिला उत्तर नको होतं, हसू हवं होतं, आणि तेवढं पोराला कळत होतं.

ओतण्याचा खेळ हवा तर परातीत दोन वाट्या ज्वारी घ्या. हाताच्या अंतरावर बसा, कारण दाणा नाकात-कानात जातो. शेंगदाणे आणि हरभरे नकोच, घशात अडकतात. तोंडात घालणारं पोरगं असेल तर ज्वारीही नको, मऊ कणकेचा गोळा द्या, बिनमिठाचा. मिठाची कणीक टिकते म्हणून करतात, पण खाल्ली तर मीठ बाधतं. बिनमिठाची कणीक आपल्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंत आंबते, रोज नवीन मळा. पाणी द्याल तर परातीत दोन बोटं, आणि उठून जायचं नाही, दारावर कुणी आलं तरी.

वस्तू फेकली तर ओरडू नका, आणि "असू दे" म्हणून सोडूनही देऊ नका. तीन वाक्यं: "तुला फेकायचंय. वाटी फेकायची नाही. हा चेंडू फेक." कापूस भरलेला कापडी चेंडू आधीच जवळ ठेवा, कापसाला आपल्याकडे तोटा नाही. पहिल्या आठवड्यात फेकाफेक वाढते. घाबरून बंद करू नका, तुम्ही उद्याही हेच म्हणता का ते पोरगं तपासत असतं. संपवताना "दोन मिनिटं राहिली" हे त्याला कळत नाही. "अजून दोनदा ओतू, मग ठेवू" म्हणा, आणि खरंच दोनदाच.

आता चिडून लिहिलंय, तर हेही लिहितो. सगळी केंद्रं अशी नाहीत, आणि घरचा खेळ हा तपासणीला पर्याय नाही. नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, आलेले शब्द गेले, यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत आहे, अंगणवाडीताईला विचारा. "त्याचा बापही उशिरा बोलला" म्हणत वर्ष घालवू नका.

आणि मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाहीच, दोन वर्षांच्या पुढे दिवसाला तासाभराहून जास्त नको. मला माहितीये, कापूस वेचणीच्या दिवसांत घरात माणूस नसतो आणि हातात फोन दिला की पोरगं गप्प बसतं. त्या आईला मी काय बोलू? पण फी घेणाऱ्या केंद्राच्या वेटिंगमध्ये भिंतीवर कार्टून कशाला लावता हो? त्यांना कसली वेचणी आहे?

आजी निघाली तेव्हा झाकण मागायचं तिला सुचलं नाही, त्यांनीही दिलं नाही. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघताना तिने नुसता डबा पुढे केला. पोराने त्यावर आपला पंजा पालथा ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.