दीड आटा

1986ची पद्मिनी ही फार अडनिड्या वयाची गाडी आहे. केंद्र सरकारने 2021 साली विंटेज गाड्यांसाठी नियम काढले, त्यात पन्नाशी पार केलेल्या गाडीला सन्मानाने ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. माझ्या गाडीला त्यासाठी 2036 उजाडावं लागेल. तोवर ती आरटीओच्या लेखी नुसतीच म्हातारी. दर पाच वर्षांनी तपासणी, वर पर्यावरण कर. सोसायटीच्या लेखी ती ‘पार्किंगमधली ती वस्तू’. फक्त साठी ओलांडलेले लोक तिच्यापाशी थांबतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि म्हणतात, “फियाट! काय गाडी होती!” (पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच.) मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे हे ‘होती’ आता सगळ्यांच्याच तोंडात बसलंय. मलाही ते खोडून काढता येत नव्हतं. चोक, म्हणजे हवा अडवून इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारी कळ, ओढला की गाडी सुरू व्हायची, चोक आत ढकलला की मान टाकायची, आणि सगळ्या पार्किंगभर पेट्रोलचा वास.

नाना पेठेतल्या मिस्त्रींनी एअर फिल्टर काढला, इंजिन चालू असतानाच कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला, इंजिनाने दोन आचके दिले. मिस्त्री म्हणाले, “मालक, हिचं पोट साफ नाही.”

“मग करून टाका.”

“आता हात थरथरतो. बारीक कामं सोडली मी. तुम्ही घरी खोला, मी फोनवर सांगतो.”

तर अशा रीतीने कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेला सोलेक्स कार्बोरेटर आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो, हे तत्त्व बर्नुलीने 1738 सालीच छापून ठेवलंय. त्या पडलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर येतं आणि हवेत मिसळतं. वजनाने पावणेपंधरा भाग हवा, एक भाग पेट्रोल. म्हणजे लिटरभर पेट्रोल नीट जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोलने शंभरी ओलांडली तरी हवा अजून फुकट आहे, आणि आमच्या सोसायटीत ती हवी तेवढी मिळते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी इंजेक्शन सिस्टिम बसवायला सांगितलं. तळमजल्याच्या मते गाडी भंगारात द्यावी आणि कार्बोरेटर शोकेसमध्ये ठेवावा. वॉचमनच्या गावाकडे पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकतात. सगळ्यांचं मत ठाम होतं आणि स्क्रूड्रायव्हर एकाच्याही घरात नव्हता. प्रत्येक जण तो माझ्याकडूनच नेतो.

वरचं झाकण उघडलं तर वाटीच्या तळाशी तपकिरी चिकटा आणि वार्निशचा वास. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे हे ठेवून जातं. ते जेटमध्ये बसलं की खेळ खलास, कारण जेट म्हणजे पितळेच्या बोटभरही नसलेल्या तुकड्याला पाडलेलं मापाचं भोक. जेटवर 115 लिहिलं असेल तर भोक 1.15 मिलिमीटर, हिशेब शंभरांश मिलिमीटरचा आहे. मुलाने उत्साहाने गिटारची तार आणून दिली. फोनवर मिस्त्री असे ओरडले की स्पीकरवर न ठेवताही सगळ्यांना ऐकू गेलं. तार घातली की भोक वाढतं आणि 115चं काय होईल ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. जेट धुवायचा आणि हवेने फुंकायचा. म्हणून मी मूठभर पितळ घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो.

“किती भरू?” त्याने विचारलं.

“भरू नको. आरपार जाऊ दे.”

त्याने माझ्याकडे, मग जेटकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखतो तो पितळी फ्लोट. त्याची परीक्षा गरम पाण्यात होते. बुडवला की आतली हवा तापते, आणि कुठे भोक असलं तर बुडबुडे येतात. आमच्या फ्लोटमधून आले. आईचं दुधाचं पातेलं त्या दिवसापासून माझं झालं. फ्लोट उन्हात ठेवून आतलं पेट्रोल पार उडू दिलं आणि तांबट आळीत नेला. तिथल्या दादांनी तो तळहातावर ठेवून दुकानातल्या सगळ्यांना दाखवला. “आम्ही बंब करतो हो!” पण डाग असा नेमका दिला की वजन जाणवण्याइतकंही वाढलं नाही. ते महत्त्वाचं, फ्लोट जड झाला तर बुडतो, सुई बंद होत नाही आणि पेट्रोल पुन्हा पार्किंगमध्ये.

खरी धमाल प्लेटिंगची, म्हणजे मुलामा चढवण्याची. नवा असताना हा कार्बोरेटर सोनेरी-पिवळसर दिसायचा, त्यात जरा इंद्रधनुषी झाक. आता राखाडी, वर पांढरी बुरशी धरल्यागत डाग. भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो.

“किती नग?”

“एक.”

“एक हजार?”

“एक.”

त्याने आतून भागीदाराला बोलावलं. तिथे बोल्ट किलोवर येतात, टनाने जातात. एक नग घेऊन आलेला माणूस त्यांनी बहुधा पाहिलाच नव्हता. चहा मागवला गेला. लोखंडी लिव्हर आणि स्क्रू तारेला बांधून कुठल्याशा ट्रॅक्टरच्या बोल्टांबरोबर जस्ताच्या टाकीत सोडायचं ठरलं. मी बॉडी पुढे केली तसा भागीदार दोन पावलं मागे सरला. “साहेब, ही जस्ताचीच आहे. आमच्या आम्लाच्या टाकीत टाकली तर तुम्हाला पिशवीत पाणी घेऊन जावं लागेल.” शेवटी तिला नुसती साबणाने धुऊन पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये, म्हणजे जस्ताला गंजण्यापासून वाचवणाऱ्या द्रावणात, काही सेकंद बुडवली, आणि वर आली ती थेट शोरूममधली. पैसे किती, यावर दोघांची चर्चा झाली. किलोच्या भावाने हिशेब केला तर चहाचेसुद्धा निघत नव्हते.

घरी तो सोनेरी ऐवज टेबलावर ठेवला. बायकोने लांबूनच पाहिलं. “आणि हे आता बॉनेटखाली ठेवणार का तुम्ही?”

“हो, मग?”

“माझ्या पाटल्या दिवाळीपासून पॉलिशला न्यायच्यात.”

यावर उत्तर नव्हतं. नेमका तेव्हा मेव्हण्याचा कोल्हापूरहून फोन आला. मी त्याला ऐकवत होतो की पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, म्हणून पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदलावा लागला. तो शांतपणे म्हणाला, “दाजी, तुमच्या गाडीत आमचाच ऊस जळतोय की! बिल वेळेवर मिळू दे, मग रबर काय, टायर बी धाडून देतो.”

जोडणी एकादशीला काढली, हा योगायोग. ॲक्सिलरेटर पंपाच्या वाटेत दोन-तीन मिलिमीटरची पोलादी गोळी असते. पेट्रोल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. ही गोळी जागेवर बसवत असताना डायफ्रामची स्प्रिंग उसळली. गोळीने टेबल सोडलं. ओट्यावर भिजवलेल्या साबुदाण्याची परात होती. ‘टण’ असा आवाज आला नाही, यावरून ती कुठे गेली ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

आईने परात झाकली. “तुझी ती गोळी दाताखाली आली तर कवळी कोण करून देणार?” फ्रिजवरची सगळी चुंबकं उतरवली. आधी अष्टविनायकाचं, मग महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं. शेवटी मिस्त्रींच्या सल्ल्याने जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी साबुदाण्यावरून फिरवत होतो आणि आई शेजारी उभी राहून “तिकडे, कोपऱ्यात” म्हणत होती. गोळी मिळाली. त्या परातीची खिचडी मात्र घरात कोणी खाल्ली नाही. वॉचमनने खाल्ली आणि चांगली होती म्हणाला.

खालची फ्लँज, म्हणजे इंजिनावर बसणारी चपटी कड, आधीच्या कुठल्या कुठल्या मेकॅनिकांनी आवळून आवळून वाकवली होती. ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत सपाट केली. कंटाळवाणं काम आहे, सांगण्यासारखं काही नाही. हात दुखतो.

मग मिक्श्चरचा स्क्रू, हवेत मिसळणारं पेट्रोल कमी-जास्त करणारा. “पूर्ण बंद करा, हलक्या हाताने,” मिस्त्री फोनवर म्हणाले. “मग दीड आटा, म्हणजे दीड फेरा, उघडा. पुढचं मी येऊन कानाने लावतो.” ते आले. 1089 सीसीचं इंजिन एका दमात सुरू झालं, चोक आत गेला तरी चालू राहिलं. मिस्त्रींनी डोळे मिटून स्क्रू कणभर फिरवला, परत घेतला. तिसऱ्या मजल्यावरून काका ओरडले, “थोडं लीन करा!” म्हणजे पेट्रोल कमी करा. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत.

राहिली पीयूसी. एवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत माफ आहे. सायलेन्सरमध्ये नळी घालणाऱ्या पोराने बॉनेटखाली वाकून पाहिलं. कार्बोरेटर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं; झळाळी पाहून त्याने आदराने विचारलं, “काका, हिचा सेन्सर कुठला?”

“मी,” मिस्त्री म्हणाले.

यंत्राचा आकडा तीनच्या पुढे गेला. मिस्त्रींनी स्क्रू अर्धा आटा आत घेतला. इंजिन जरा कण्हलं, आकडा उतरला, पोराने फोटो काढला, कागद छापून आला. सहा महिने निर्धास्त. मी कागद खिशात ठेवतोय तोवर मिस्त्रींनी तोच अर्धा आटा परत बाहेर घेतला होता आणि इंजिन खुशीत फिरायला लागलं होतं. पोरगा बघत होता.

“काका, मग हे सर्टिफिकेट कशाचं?”

“साडेअकरा वाजताचं,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बॉनेट आपटलं.