फीड उतरवला म्हणून बिल उतरत नाही

भोसरी-चाकणच्या जॉबवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: "सीएनसीचा फीड निम्मा करा, लोड उतरतो, वीज निम्मी लागते. मशीन नुसती उभी असेल तर वीज खात नाही. हवेच्या गळतीचं टेन्शन नको, हवा फुकट आहे."

सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, आणि फीड म्हणजे त्याचं टूल मालात पुढे सरकायचा वेग. फीड निम्मा केला की स्पिंडलचा (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याचा) लोड उतरतो, हे खरं. पण युनिट म्हणजे किलोवॉट गुणिले तास, आणि तास कुणी मोजलेच नाहीत. पोलादाचा एक घन मिलिमीटर कापायला साधारण 3 ज्यूल धरा. 100 घन सेंटिमीटर माल काढायचा तर कापायची वीज 0.08 युनिट. बस्स, एवढीच! आता हायड्रॉलिक पॉवरपॅक (तेलाचा दाब देणारा पंप), कूलंट (कापताना थंड ठेवणारं पाणी) पंप, कंट्रोल, पंखे मिळून 3 किलोवॉट घेतात असं समजू. जॉब 10 मिनिटांत उतरला तर यांचं अर्धं युनिट, 20 मिनिटं लावलीत तर पूर्ण एक. म्हणजे 0.58 च्या जागी 1.08. वर चिप (कापून निघणारा किस) पातळ निघाली की तेवढाच माल काढायला ज्यूलही जास्त लागतात. तेव्हा इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक), जॉबची पकड आणि फिनिश यांना झेपेल तितका फीड आणि डेप्थ ऑफ कट (एका फेरीत किती खोल कापायचं) वाढवा. आरपीएम (मिनिटाला स्पिंडलचे फेरे) मात्र बेतानं. तो चढवला की इन्सर्ट भराभर जातात, आणि विजेत वाचलेले पैसे टूलवाल्याला द्यावे लागतात.

उभ्या मशीनचं उत्तर वरच्या 3 किलोवॉटमध्येच आहे. कूलंट बंद असेल तर थोडं कमी, इतकंच. पहिला पीस क्वालिटीकडे अडकलाय, ऑपरेटर चहाला गेलाय, आणि हायड्रॉलिक घुमतोय, हे कुठल्याही शेडमध्ये दिसेल.

आणि हवा फुकट? हवेच्या लाइनला 7 बार प्रेशरला 3 मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरची सुमारे 3 किलोवॉट वीज खातं, तेही मशीन बंद असताना. गुरुवारी सुट्टीला सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर लावा. तो 2 मिनिटं लोड (हवा भरत) आणि 6 मिनिटं अनलोड (हवा न भरता) होत असेल, तर त्याच्या क्षमतेची चौथाई हवा गळतेय. आधी कपलिंग आणि एअरगनचे पाइप तपासा, गळती बहुतेक तिथेच सापडते. मग प्रेशर 1 बारनं उतरवून बघा, कॉम्प्रेसरची 6-7 टक्के वीज वाचते. हवेवर चालणारा चक (जॉब धरणारी पकड) नीट धरत असेल तर परत चढवायचं कारण नाही.