लाल माती, युरिया आणि ‘आठ दिवसांत हिरवंगार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लॉनवर माती-खत टाकण्याआधी तपासण्या करा आणि रोजचं थोडं पाणी खोल जात नाही, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तक्रारीबरोबर आकडेही आहेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. इतर वाचकांसाठी तिचा सारांश असा: हजार चौरस फुटांचं लॉन, खाली मूळची काळी माती, गवत हरळीच्या जातीचं. गेली चार वर्षं दर मेअखेरीस माळी एक ब्रास लाल माती आणि वर शेणखत पसरतो, पाऊस लागला की युरिया मारतो आणि आठ-दहा दिवसांत लॉन हिरवंगार होतं. मग आधी तपासण्या करा असं सांगून लोकांना कशाला घाबरवता, हा तुमचा पहिला मुद्दा. रोज अर्धा तास पाणी देऊनही ‘पाणी खोल जात नाही’ हे म्हणणं पटत नाही, हा दुसरा. आणि तिसरा असा की दिवाळीपर्यंत चट्टे पडणं, आंब्याखाली गवत न टिकणं, भिंतीलगत पिवळं पडणं, पावसात पार्किंगवर गाळ येणं हे सगळं चालायचंच. तीन-चार वर्षांनी लॉन बदलावंच लागतं.

पहिल्या मुद्द्याबद्दल. जूनमध्ये, ऊब आणि पाऊस एकत्र मिळाल्यावर, हरळी कशीही हिरवी होते. त्यात युरियाचं नत्र पडलं की रंग आणखी गडद होतो. या हिरवेपणाचं श्रेय मातीला कसं देणार? खात्री करायची तर यंदा तीन-तीन फुटांचे तीन चौकोन आखा. एकावर काहीच टाकू नका, दुसऱ्यावर फक्त युरिया, तिसऱ्यावर नेहमीसारखं सगळं. जूनअखेर नव्हे, ऑक्टोबरमध्ये तिन्ही बघा. रंगापेक्षा मुळं बघा.

आता त्या ब्रासचा हिशोब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ती हजार चौरस फुटांवर पसरली की थर होतो १.२ इंचाचा. चार वर्षांत जवळपास पाच इंच, बसून-दबून तीन-साडेतीन धरा. चढवलेली माती जाणार कुठे? लॉन पार्किंगच्या पेव्हरपेक्षा वर आलं आहे, म्हणून तर गाळ खाली वाहतो. तुमच्या तक्रारीतलं गाळाचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

पण गाळ धुता येतो. खरं नुकसान खाली आहे. लाल माती मुरमाड, मोकळी असते. पाणी तिच्यातून झटकन उतरतं आणि काळ्या मातीवर येऊन अडतं, कारण ओली काळी माती फुगते आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. दोन वेगळ्या पोतांच्या मातीत अशी सीमारेषा तयार झाली की मुळंही तिथेच थबकतात. पावसाळ्यात वरचा थर चिंब होऊन मुळांना हवा मिळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तोच थर दोन दिवसांत वाळतो. शिवाय दर वर्षी जुन्या काड्यांचा थर मातीखाली गाडला जातो, तो वेगळाच.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खुरप्यानं किंवा छोट्या कुदळीनं सहा इंच लांब-रुंद आणि आठ इंच खोल असा एक चौकोनी ढेकूळ काढा. बाजूनं बघितलं की लाल-काळ्या मातीची रेषा स्पष्ट दिसेल. लाल थराची जाडी मोजा. पांढरी, जिवंत मुळं कुठवर गेलीत ते मोजा. चार ते सहा इंच असतील तर उत्तम, दोन इंचांच्या आत संपत असतील तर वरचा रंग कितीही छान असो, लॉन आजारी आहे. गवत आणि माती यांच्यामधला तपकिरी, स्पंजासारखा काड्यांचा थर अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर पाणी आणि खत त्यातच अडकतं. याच वेळी लांब स्क्रूड्रायव्हर दहा-बारा ठिकाणी हातानं दाबून बघा. सहा इंच सहज गेला पाहिजे. सगळीकडे अडला तर माती दबली आहे. एकाच भागात ठरावीक खोलीवर ‘टक्’ असा आवाज येऊन थांबला तर खाली बांधकामाचा राडारोडा आहे, आणि तिथे खत टाकून काही होणार नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. रोजचं पाणी कमी पडतं असं नाही. ते पसरून जातं. पंधरा लिटरची बादली तुमच्या नळीखाली धरून किती सेकंदांत भरते ते बघा. अर्ध्या इंची नळीला साधारण सव्वा मिनिट लागेल असं धरू, म्हणजे मिनिटाला १२ लिटर, अर्ध्या तासात ३६० लिटर. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. भागाकार केला की रोजचे चार मिलिमीटरही पडत नाहीत. एवढ्या पाण्यानं फक्त वरचा एक-दीड इंच भिजतो, उन्हानं त्यातलं बरंच उडतं, आणि मुळांना खाली जायचं काही कारणच उरत नाही.

उपाय फुकटचा आहे. लॉनचे चार भाग करा आणि रोज एकाच भागाला तोच अर्धा तास द्या. त्या भागाला साडेपंधरा मिलिमीटर मिळतील, आणि त्याची पाळी चौथ्या दिवशी येईल. पाणी साचून वाहायला लागलं तर मध्ये तासभर थांबून पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हप्ते करा. तुमची मुळं सध्या वर आहेत, म्हणून एकदम चार दिवसांवर जाऊ नका. आधी दोन भाग करून एकाआड एक दिवस, तीन आठवड्यांनी चार भाग. मे महिन्यात चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्या दिवशी द्यावं लागेल. पाणी पहाटे द्यावं. रात्रभर ओली राहिलेली पात बुरशीला आमंत्रण देते.

दिवाळीच्या चट्ट्यांबद्दल मला पहिला संशय हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा येतो. पहिल्या वळवाच्या किंवा मोसमी सरींनंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात. अळ्या जुलैपासून मुळं खातात, पण पाऊस असेपर्यंत गवत तग धरतं. पाऊस थांबला की बिनमुळांचं गवत वाळतं, आणि आपल्याला वाटतं चट्टे आत्ताच पडले. चट्ट्याच्या कडेला, जिथे अर्धं हिरवं अर्धं पिवळं आहे तिथे, एक फुटाचा चौकोन तीन बाजूंनी कापून उचला. सतरंजीसारखा गुंडाळत वर आला आणि खालच्या तीन-चार इंच मातीत तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर निदान झालं. एका चौरस फुटात एखाद-दुसरी असेल तर सोडून द्या. पाच किंवा जास्त असतील तर उपाय हवाच, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये, अळ्या लहान असताना. मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी लेबलवरच्या मात्रेत ओल्या मातीत संध्याकाळी द्या. दिवाळीनंतर औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत, कारण तोवर मोठ्या अळ्या कोषात जायला खोल उतरलेल्या असतात. गवत मुळांनी घट्ट धरलेलं असेल तर मात्र हुमणी नाही, पुन्हा स्क्रूड्रायव्हर घ्या.

शेणखत पूर्ण कुजलेलं नसेल तर त्यातूनही अळ्या येऊ शकतात. आणि लाल मातीच्या ट्रकमधून हमखास येतं ते लव्हाळा हे तण. त्याच्या काळ्या गाठी मातीत मिसळून येतात आणि उपटला तरी गाठ खाली राहते. तुमच्या लॉनमध्ये तो गेल्या चार वर्षांतच वाढला असेल तर तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

भिंतीलगतच्या पिवळेपणाला युरिया देऊ नका. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं फिकी पडतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर लोह मिळत नाही. भिंतीलगत प्लास्टरचा चुना, सिमेंट पडलेलं असतं, काळी माती मुळातच चुनखडीची. थोडी कोरडी माती घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना भरपूर आहे. मग एक चौरस मीटरवर संध्याकाळी फवारा: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस. चार-पाच दिवसांत तेवढाच तुकडा हिरवा झाला तर प्रश्न लोहाचाच. फवारा फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. हिराकस मातीत टाकून उपयोग नाही, अशा मातीत ते लगेच अडकून बसतं. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे मातीत अडकून न बसणारं लोह, घ्या. स्वस्तातलं ईडीटीए अशा मातीत टिकत नाही.

आंब्याखाली गवताचा नाद सोडा. हरळीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. उलट तुमची लाल माती तिथेही पडत असेल तर आंब्याला धोका आहे: वरवरच्या मुळांची हवा तुटते आणि खोडाला टेकलेली माती साल कुजवते. खोडाभोवतीची माती जुन्या पातळीपर्यंत काढा आणि आंब्याचाच पालापाचोळा तिथे पसरा.

आता ‘बदलावंच लागतं’ याबद्दल. लाल थर तीन इंचांच्या वर निघाला तर माझं मतही एकदा उकरावं असंच आहे, पण नव्या मॅट (तयार गवताच्या चटया) आणून त्याच थरावर अंथरायला नव्हे. जूनच्या सुरुवातीला गवत सोलून सावलीत ओलं ठेवा. जास्तीची लाल माती काढा, उरलेली खालच्या सहा इंच काळ्या मातीत चांगली मिसळा, म्हणजे रेषाच राहणार नाही. पार्किंगच्या उलट बाजूला, पाणी जायला वाट असेल तिकडे, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्या आणि कडेची पातळी पेव्हरपेक्षा इंचभर खाली ठेवा. हरळीची खोडं चार-चार इंचांवर टोचली तर पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांत भरते, मॅटचा खर्चच नको.

थर दीड-दोन इंचांचाच असेल तर उकरू नका. माती ओलसर, पण चिकट नसताना दात्यांच्या फावड्यानं चार-सहा इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा. भोकं लाल-काळ्या रेषेच्या खाली गेलीच पाहिजेत. मग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट झाडूनं त्यात भरा. वर पाव इंचापेक्षा जास्त थर नको. हजार फुटांना पाव इंच म्हणजे साधारण वीस घनफूट, तुमच्या ब्रासचा पाचवा हिस्सा. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, थोड्या वाळूनं ती आणखी घट्ट होते.

युरिया पूर्ण बंद करा असं मी म्हटलेलं नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, हजार फुटांना अर्धा किलो, पाच किलो कोरड्या वाळूत मिसळून, आडवं आणि उभं असं दोनदा फिरून, पात कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. ओल्या पातीवर पडला तर जळतं, आणि चुनखडीच्या मातीवर नुसता पडून राहिला तर बरंच नत्र हवेत जातं. डिसेंबर-जानेवारीत हरळी थंडीनं फिकी पडतेच, तेव्हा टाकलेला युरिया वायाच. कापताना उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही, दिवाळीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठीसुद्धा नाही.

लाल थराची जाडी, मुळांची लांबी आणि बादली भरायला लागलेला वेळ, हे तीन आकडे इथेच खाली लिहा. उकरायचं की नुसती भोकं पाडायची, हे त्यावरून सांगता येईल. तोवर या मेमधली लाल मातीची ब्रास मागवू नका, तिसऱ्या चौकोनापुरती थोडी माती पुरे.