रिफायनरी येते कशी हे सगळे सांगतात, जाते कशी ते कोण सांगणार?

राजापूर तालुक्यातल्या बारसूला होऊ घातलेल्या रिफायनरीवर कोल्हापुरात बसून बोलणं सोपं आहे, मान्य. जमीन आपली जाणार नाही, आंबा आपण फक्त खातो. पण अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर, आणि तिकडची किती तरी माणसं दवाखान्याला, पोरांच्या शिक्षणाला इकडंच येतात. त्यामुळं विषय निघतोच.

शिरोलीत फाउंड्री असलेला मित्र म्हणतो, 6 कोटी टनांची रिफायनरी झाली असती तर व्हॉल्व्ह आणि पंपाच्या कास्टिंगला आमच्या पोरांना हात पुरले नसते. राजापूरचे पाहुणे म्हणतात, सडा म्हणजे आमचं कातळाचं पठार जाणार, कातळशिल्पं जाणार, मासळी जाणार. दोघंही पोटतिडकीनं बोलतात. पण दोघांनीही एक धरूनच चाललंय, की रिफायनरी एकदा आली म्हणजे ती कायमची.

तसं नसतं. वेल्समध्ये स्वान्झीच्या किनाऱ्याजवळ लॅनडार्सी नावाची रिफायनरी होती. ब्रिटनमधली ही पहिली मोठी रिफायनरी. इराणच्या शहाकडून 1901 मध्ये तेलाचा परवाना मिळवणाऱ्या विल्यम डार्सीचं नावच त्या जागेला दिलं. 1922 मध्ये उद्घाटन झालं. इराणचं कच्चं तेल स्वान्झीच्या गोदीत उतरायचं आणि नळानं आत यायचं. महायुद्धात जर्मन बॉम्बनी टाक्या पेटवल्या, तरी कारखाना पुन्हा उभा राहिला.

त्याला खरा धक्का दिला तो जहाजांनी. टँकर इतके मोठे झाले की स्वान्झीच्या गोदीत मावेनात. मग 1960 च्या सुमारास मिलफर्ड हेवनच्या खोल बंदरात तेल उतरवून तिथून जवळपास 100 किलोमीटर पाइपलाइन टाकावी लागली. आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्ग, नाटे, आंबोळगड अशी नावं वारंवार का येतात, तेही इथंच कळतं. मोठ्या टँकरला खोल पाणी लागतं. आमच्याकडच्या चर्चेत मात्र सगळं खापर नाही तर श्रेय पुढाऱ्यांना. असो.

लॅनडार्सी नंतर वंगणावर तग धरून होती, 1998 मध्ये बंद पडली. त्या जमिनीवर सुमारे 4000 घरांचं गाव वसवायचं ठरलं. आजचे राजे चार्ल्स यांच्या संस्थेचाही आराखड्यात हात होता. इतकी वर्षं झाली, घरं उभी राहिली ती काहीशेच. बाकी कारणंही असतील, पण रिफायनरीची जमीन म्हणजे मिलची जमीन नव्हे. कोल्हापुरातल्या आपल्या बंद शाहू मिलचं काय करायचं यावर दोन दशकं नुसत्या बैठका झाल्या, पण तिथल्या मातीत निदान इतकं विष तरी नसावं. रिफायनरीत टाक्यांच्या बुडाचा गाळ, गळून मुरलेलं तेल, भूजलात उतरलेलं बेन्झीनसारखं विषारी रसायन असतं. हे उपसायचं, धुवायचं, मग विटा.

आणि आता कोकणातला जांभा दगड आठवा. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी त्याच्या भेगांतून मुरतं आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत निघतं. त्या दगडात तेल मुरलं तर ते कुठं निघेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. काढायला मात्र पिढी लागेल.

आपल्याला या शेवटाचा अनुभवच कमी. आसामातली दिग्बोई 1901 पासून चालू आहे, मुंबईत तुर्भ्याच्या दोन्ही रिफायनऱ्या 1954-55 पासून. म्हणूनच असेल, 2018 मध्ये सौदी कंपनीबरोबर करार झाला, 2019 मध्ये या रिफायनरीसाठी आधी ठरलेल्या नाणारची अधिसूचना रद्द झाली, 2023 मध्ये बारसूला माती परीक्षणासाठी पोलिसांचा फौजफाटा आला, आणि या सगळ्यात 'बंद पडल्यावर जमीन कोण साफ करणार' हा प्रश्न माझ्या कानावर एकदाही आला नाही.

माझा रिफायनरीला सरसकट विरोध नाही. गाडीत पेट्रोल मीही भरतो. पण आपल्याकडं खाणीला परवानगी देताना ती बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी आधीच घेतात. तीच अट रिफायनरीला घाला. पैसे पहिल्या वर्षापासून वेगळ्या खात्यात, आणि खात्याचा हिशेब ग्रामसभेपुढं. कंपनी 'परवडत नाही' म्हणाली, तर मग तो खर्च आजवर कुणाच्या नावावर टाकायचं ठरलं होतं, हे तिनंच सांगावं.

अशी अट कुठल्या रिफायनरीच्या करारात कुणी पाहिली असेल तर खाली टाका. शिव्या घालायला येणाऱ्यांनी आधी कुठल्या बाजूचे ते लिहा, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.