पोट असलेला योद्धा चालत नाही का?

काल पुन्हा तेच! सहकारनगरातल्या माझ्या खोलीत रात्री साडेबारापर्यंत नव्या गेममध्ये पात्र घडवत बसलो. भुवयांची जाडी, नाकाचं हाड, व्रण कुठल्या गालावर, सगळं विचारतात. शरीरं मात्र दोनच: काटकुळं नाहीतर पिळदार. अरे, रोज पर्वती चढणाऱ्या माझ्यासारख्या जाड्या माणसाने ढाल-तलवार उचलूच नये का?

२०११ च्या स्कायरिम या गेममध्ये वजनाची पट्टी होती, पण ती ओढली की अंग भरतं, दंड फुगतात; पोट काही सुटत नाही. २०१२ च्या ड्रॅगन्स डॉग्मात मात्र जड पात्र जास्त ओझं वाहतं, हलक्याचा गेलेला दम लवकर परत येतो. म्हणजे जमतं की! मग एवढ्या वर्षांनी, एवढे पैसे मोजूनही मला माझं शरीर का मिळत नाही?